गजभियेजींच्या गाडीतली लाल बत्ती

गेल्या हिवाळ्यात आमचे शेजारी गजभियेजी मोटारीत बसले, की आधी शेजारच्या रिकाम्या सीटला बेल्ट बांधत आणि मग स्वतःला. सोबत मी असलो तर मला मागे बसावे लागे. पुढे का नाही, असे मी पहिल्या दिवशी विचारले, तेव्हा त्यांनी स्टिअरिंगमागच्या काचेकडे बोट दाखवले. तिथे बेल्ट बांधलेल्या माणसाचे इवलेसे लाल चित्र पेटले होते.

"तिथं कोणी तरी बसलं आहे, गुरुजी," ते म्हणाले. "तुम्ही मांगं बसा."

मी बालाघाटच्या एका शाळेत चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. वर्गात हिंदी, घरी मराठी, आणि दोन्हीकडे नियम एकच: कारणाशिवाय काही घडत नाही. तेव्हा हा दिवा कसा चालतो, ते मी त्यांना समजावून सांगितले. सीटच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. त्याच्यावर वजन पडले आणि बेल्ट अडकवलेला नसला, तर दिवा पेटतो. बेल्ट अडकवला की विझतो. वजन नसताना पेटत असेल, तर दोष सेन्सरचा. गाडी सेकंडहँड आहे, असे व्हायचेच.

गजभियेजींनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. "बत्ती खोटं नाही बोलत, गुरुजी," ते म्हणाले. "माणूस बोलते."

हे वाक्य ते दिवसातून तीनदा तरी म्हणत, आणि त्यामागे त्यांची सारी नोकरी होती. ती मँगनीजच्या खाणीत, बत्तीघराच्या खिडकीमागे गेली. खाली उतरणारा प्रत्येक मजूर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला तिथे देई आणि टोपीवरचा दिवा घेई. वर आला की दिवा देई आणि बिल्ला परत नेई. फळीवर बिल्ला लटकत असेल, तर तो माणूस अजून जमिनीखाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. एकदा पाळी सुटल्यावर एक बिल्ला उरला. सगळे म्हणाले, तो केव्हाच घरी गेला. गजभियेजी त्याच्या गावापर्यंत चालत गेले. तो खरोखरच घरी होता. खाणीचा दिवा डोक्यावर बांधून हरवलेली बकरी शोधत होता. गजभियेजींनी त्याला तसाच खाणीवर परत आणला, दिवा घेतला, बिल्ला हातात ठेवला, आणि म्हणाले, "आता वर आला तू."

निवृत्तीनंतरही ही सवय गेली नाही. कोणाच्या घरात दिवसा बल्ब जळताना दिसला, तर आत कोण आहे हे पाहिल्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडत नसे. आमच्या न्हाणीघराचे दार त्यांनी याच कारणासाठी दोनदा ठोठावले आहे.

गाडी त्यांनी पत्नीला घरी आणण्यासाठी घेतली होती. भागरताबाई फेब्रुवारीत गोंदियाला मुलीकडे, संघमित्राकडे, गेल्या आणि गुडघ्यामुळे तिथेच अडकल्या. बसची पायरी चढवेना, स्टेशनाचा जिना चढवेना. गाडी आणा, मंग येतो, असा त्यांचा निरोप आला. गजभियेजींनीही हट्ट धरला, की जाईन तर गाडी घेऊनच जाईन. दहा महिने दोघे साध्या फोनवर बोलत राहिले, पण एकमेकांचे तोंड पाहिले नाही. डिसेंबरात गाडी आली. त्याच संध्याकाळी गजभियेजींनी प्रामाणिकपणे पत्नीला कळवले, की पुढच्या सीटवर एक जण आधीच आहे.

"आधी त्याले उतरवा," भागरताबाई म्हणाल्या. "मंग मी बसतो."

तेव्हा ह्या दिव्याचा उलगडा होईपर्यंत त्या येणार नव्हत्या, हे उघड झाले. मी वही घेतली आणि प्रयोग मांडले. रिकामी सीट, बेल्ट मोकळा: दिवा पेटतो. रिकामी सीट, बेल्ट अडकवलेला: दिवा विझतो. म्हणजे गाडीच्या लेखी तिथे एक प्रवासी होता, आणि तो नियम पाळणारा होता. मागच्या सीटवरून पाहताना मला तो बेल्ट पाठीला टेकलेला दिसत नसे. तो बोटभर पुढे, एखाद्या छातीवरून गेल्यासारखा ताणलेला असे. जुन्या गाडीत स्प्रिंग सैल होते, अशी मी नोंद केली. चौकातल्या पानवाल्याने एकदा मला विचारले, "मास्टरजी, गजभियेजी के बाजू में कौन बैठे रहते हैं?" कोणीच नाही, असे मी सांगितले. पानाला चुना लावता लावता त्याचा हात थांबला. "कोई तो रहता है," तो म्हणाला. ही नोंद मी 'साक्षीदार अविश्वसनीय' या सदराखाली केली.

लांबच्या प्रवासात दिवा कसा वागतो हे पाहण्यासाठी आम्ही एके सकाळी हट्टा या गावी गेलो. दहा वाजले तरी धुके उठले नव्हते. तिथल्या बावडीपाशी, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीपाशी, गाडी लावून आम्ही पायऱ्या थोड्या उतरलो. खालचे पाणी दिसत नव्हते. पांढरी वाफ तेवढी एका कमानीतून दुसऱ्या कमानीत सरकत होती. परत येऊन गजभियेजींनी किल्ली फिरवली. सगळे दिवे नियमाप्रमाणे क्षणभर पेटले आणि विझले. शेजारचा बेल्ट मोकळा होता, तरी लाल चित्रही विझले.

मी म्हणालो, झाले, दोष आपोआप गेला, आता निघू. गजभियेजींनी किल्ली काढून घेतली.

"तो उतरला इथं," ते म्हणाले. "आपल्यासंगं आला. त्याले मांगं सोडून कसे जाऊ?"

ते खाली उतरले, डावे दार उघडले आणि ते धरून उभे राहिले. मीही उभा राहिलो. पाऊण तास आम्ही बावडीच्या दिशेने पाहत होतो. धुक्यात पावलांसारखे काही वाजले की गजभियेजी दार थोडे अधिक उघडत. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, हे मला त्या वेळात दोनदा स्वतःला सांगावे लागले. अखेर त्यांनी दार हलकेच लावले, आत बसलेल्याचा हात सांभाळून लावावे तसे. किल्ली फिरवली. लाल चित्र पेटले आणि पेटलेलेच राहिले.

"आला," ते समाधानाने म्हणाले, आणि त्याला बेल्ट बांधला.

थंडीने आणि ओलीने तारेचा जोड कधी धरतो, कधी सोडतो, हे मला ठाऊक आहे. तरी परतताना मी मागच्या सीटच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी दाराला चिकटून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने सीट उलटी केली आणि हिरवट गंज चढलेला एक प्लग काढून दाखवला. "चाचा, पानी घुसा था. भूत-वूत कुछ नहीं." सेन्सर बदलला. रिकामी सीट: दिवा बंद. गजभियेजी स्वतः बसले: दिवा चालू. बेल्ट बांधला: बंद. मी वहीत शेवटची रेघ ओढली. निघण्यापूर्वी गजभियेजींनी डावे दार एकदा उघडले, थोडे थांबले आणि लावून घेतले. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही गोंदियाला पोचलो. संघमित्राच्या खांद्याचा आधार घेत भागरताबाई शालीत गुंडाळून बाहेर आल्या. मला त्यांना ओळखायला वेळ लागला. गजभियेजी मात्र आधीच गाडीत बसले होते आणि त्यांची नजर काचेवर खिळलेली होती. भागरताबाई शेजारी बसल्या. दार लागले.

लाल चित्र पेटले नाही.

"बरोबर बस, संघमित्राची माय," ते काचेकडेच पाहत म्हणाले.

"बसली तं आहो."

"मांगं सरकून बस."

त्या सरकल्या. काच काळीच राहिली. आणि मग गजभियेजींनी दहा महिन्यांत पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. शालीबाहेरच्या हाताच्या बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या होत्या.

"किती उरली वं तू?"

"जेवढी आहो तेवढी समोर आहो," भागरताबाई म्हणाल्या, आणि हसल्या.

बोलली ती संघमित्रा, खिडकीशी वाकून, वडिलांची नजर टाळत. पावसाळ्यापासून आईच्या पोटात अन्न टिकत नव्हते. डॉक्टर झाले, औषधे चालू होती. "बाबा, तुम्ही गाडी शोधून राह्यले होते. आई म्हणे, सांगू नको, ते तसेच पायी निघतील."

शांतता असह्य झाली की मी प्रयोग सुचवतो. माणूस अशक्त असेल आणि दुखऱ्या गुडघ्यामुळे दाराला धरून कडेला बसला, तर सेन्सरवर पुरेसे वजन पडत नाही, असे मी सांगितले. संघमित्राने दिलेली तांदळाची पिशवी मी भागरताबाईंच्या मांडीवर ठेवली. दिवा लगेच पेटला.

गजभियेजींनी त्याच्याकडे पाहिले. "गुरुजी, हे तं तांदळाची बत्ती झाली," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून माझ्याकडे मागे दिली. मग वाकून त्यांनी पत्नीचा बेल्ट नीट बांधला, खांद्यावरची घडीही सारखी केली, आणि गाडी सुरू केली. काचेकडे त्यांनी पुन्हा पाहिले नाही.

गाव सुटल्यावर त्यांनी हाक मारली. "भागरता."

मी दचकलो. आमच्या पिढीत नवरा बायकोचे नाव घेत नाही. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या तोंडून ते ऐकले नव्हते. भागरताबाईही दचकल्या असाव्यात. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "हौ."

पुढच्या किलोमीटरच्या दगडाशी पुन्हा, "भागरता." "हौ." कशासाठी बोलावले, हे त्या विचारत नव्हत्या आणि ते सांगत नव्हते. वाघ नदीचा पूल गेला, मध्य प्रदेश लागला. उन्हे उतरली आणि शेतांवर पुन्हा धुके धरू लागले.

"भागरता."

उत्तर आले नाही. गाडी मंदावली. गजभियेजींनी मान वळवली नाही. मी पुढे वाकलो. शालीच्या काठाचा एक सुटा धागा भागरताबाईंच्या श्वासाबरोबर हलत होता. त्या झोपल्या होत्या.

चौतीस वर्षांत एकाची हजेरी दुसऱ्याने दिलेली मी माझ्या वर्गात एकदाही चालू दिली नाही.

"हौ," मी म्हणालो, आणि गाडीने पुन्हा वेग घेतला.