मेक्षिकी मांस व उलटे मडके यांची हकीकत

श्रीअन्नपूर्णा चुलीसन्निध. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष वद्य पंचमी, रविवार, ते दिवशी एका लहानशा राज्यात जे वर्तमान जाहले ते, जैसे चुलीजवळच्यांनी सांगितले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. पश्चिमेस खाडी, पूर्वेस टेकडी, मध्ये वालाची शेते, आणि राजगृहाच्या परसात केळी, ईडलिंबू व शेंदरीचे एक झाड, इतकाच मुलूख. तेथे राज्य करणार राजश्री भुजंगराव साहेब, मोठे सज्जन, परंतु स्वभावे काळजीचे. पाऊस आला तर बांध फुटेल, न आला तर विहीर आटेल, आणि दोन्ही न जाहले तर आपण काहीतरी विसरलो आहो, ऐसे मानून स्वारी येरझाऱ्या घालीत असे. राणी गजराबाईसाहेब बुद्धीच्या स्थिर. पोटी एकच कन्या, मंजुळाराजे. ती जमिनीखालच्या पाण्याची विद्या शिकावयास सातासमुद्रांपलीकडे मेक्षिक देशी गेली होती, आणि पाच वर्षे जाहली तरी तेथेच होती.

तिचा मार्गशीर्षात फोनावरून खलिता आला की, इकडे कायमची नोकरी देतात, होय की नाही ते महिन्याभरात कळवावयाचे आहे, पौषात आठ दिवस घरी येते, आणि घरी बसूनच काय ते ठरवीन. खलिता वाचून राणीसाहेब म्हणाल्या, "ठरवूं दे तिला." परंतु सरकारांस घास गोड लागेना. त्यांनी मनी एक बेत धरिला. त्याचे मूळ ऐसे की, दोन वर्षांमागे उभयतां कन्येस भेटावयास मेक्षिक देशी गेली होती, तेव्हा सरकारांनी चार दिवस धड अन्न घेतले नाही, हे तिखट नव्हे, ते आंबट कशाने, म्हणून ताट सारीत राहिले, आणि कन्या चिंतेने बारीक जाहली. मग पाचवे दिवशी रविवारचे सकाळी तिने बाजारात एका बाईच्या ठेल्यापाशी नेले. तेथे केळीच्या पानात शिजविलेले डुकराचे मांस, तांबडेलाल, बोटाने सुटणारे, वरी आंबवलेला गुलाबी कांदा, खाली मक्याची तळहाताएवढी भाकरी. सरकारांनी एक खादली आणि थांबले, मग दुसरी खादली, आणि मग अकरा खादल्या. कन्या पोट धरून हसली आणि म्हणाली, "आबा, लोक बघताहेत!" ते हसू सरकारांच्या कानी राहिले होते. तेच मांस आपल्या परसात तैसेच उतरले तर मुलीस तिकडे जावयाचे कारणच काय उरले, ऐसा त्यांचा हिशेब. हिशेब भोळा होता, परंतु बापाचा होता.

कृती सरकारांनी त्याच दिवशी त्या बाईस पुसोन घेतली होती, कन्या दुभाषी. बाईने हातचे काही राखिले नाही. तांबडे बी वाटावे, आंबट संत्र्याचा रस घालावा, लसूण, मिरे, जिरे, लवंग लावावे, मांस रात्रभर मुरवावे, केळीच्या पानात बांधून भांड्यात घालावे, आणि जमिनीत खड्डा खणून तापल्या दगडांवर पुरावे, इतके सर्व सांगितले. ते सरकारांनी वहीत लिहून आणिले होते. तांबडे बी म्हणजे काय याचा घोर आठ दिवस लागला. मग राणीसाहेबांनी परसातली शेंदरीची बोंडे फोडून बी बोटावर चोळिले आणि बोट सरकारांच्या नाकापुढे धरिले. "हेच ना? लहानपणी आपण कपाळाला फासत होतो. घरात झाड, आणि स्वारी जगभर शोध करते!" संत्र्याचे जागी ईडलिंबू घेतले. केळी तर दारीच.

मांसाचे काम कैतान मुदपाक्याकडे दिले. कैतान हा किनाऱ्यावरील किरिस्तावांपैकी, हाताचा गोड, तोंडाचा मोकळा, वीस वर्षांचा चाकर. तो म्हणाला, "सरकार, डुकराचं काम आमाला नवं नाय. आमच्यात लग्न म्हटलं का आधी डुक्कर ठरतो, मग मांडव. तुमी निवांत ऱ्हावा." निवांत राहणे सरकारांस कधी साधले नव्हते. त्यांनी मांस दुप्पट आणविले, आणि दोन वाटे वेगळाले मुरविले. कैतानाने पुसिले, दोन कशास? सरकार म्हणाले, "एक बिघडलं तर?" कैतान हसला. हे हसणे पुढे त्यास फार लागले.

शनिवारी सायंकाळी मंजुळाराजे येऊन दाखल जाहल्या. प्रवासाने डोळे तांबारले होते, बापाच्या पाया पडल्या, आईच्या गळ्यात पडल्या, चार घास भात खाऊन निजल्या, त्या रविवारी दुपार कलेपर्यंत उठल्याच नाहीत. तिकडची रात्र म्हणजे इकडचा दिवस, ऐसे राणीसाहेबांनी सांगितले, तरी सरकार तीन वेळा दाराशी जाऊन श्वास ऐकून आले. आणि इकडे परसात सकाळीच खड्डा खणोन दगड तापविले, आणि कैतानाने मडके आणिले, आणि येथेच घात जाहला. कां की, त्या मुलखात जमिनीवर मडके शिजविण्याची एकच रीत. पौषात वाल भरले की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ भरावे, तोंड पाल्याने गच्च दडपावे, मडके तोंडावर उलटे ठेवावे आणि भोवती जाळ करावा. तीस पोपटी म्हणतात, आणि पोपटी लहानथोर सर्वांस जन्मापासून ठाऊक. म्हणोन मडके कोणत्या अंगाने ठेवावयाचे हे त्या मेक्षिकी बाईस पुसावे, ऐसे सरकारांच्या मनी आलेच नव्हते, आणि वहीत ते नव्हते. कैतानाने पानात बांधिलेले मांस मडक्यात घातले, हात सवयीने पालाही घालू लागला, वालाच्या दोन मुठी शेंगाही तोंडाशी दडपिल्या, आणि मडके उलटे करोन खड्ड्यात ठेविले. सरकार शेजारी उभे होते. त्यांसही ते उलटे मडके पाहोन बरेच वाटले, की एवढी एक गोष्ट तरी ओळखीची आहे.

दोन प्रहरी मडके उकरिले. कैतानाने पाने सोडिली आणि त्याचे तोंड उतरले. मांस काष्ठवत जाहले होते. जेवढा रस, जेवढी चरबी, जेवढा तांबडा रंग, सर्व तोंडावाटे उतरोन शेंगांतून भुईत गेला होता, आणि खड्ड्याचा तळ मात्र सुवासिक जाहला होता. सरकारांनी एक तुकडा दाती धरिला, तो तुटेना. मग ते बांधावर बसले आणि म्हणाले, "कैतान, ती उठेल आता. आठ दिवसांतला एक गेलाच. ती तिकडंच राहणार रे." कैतानाचे डोळे भरले. तो म्हणाला, "सरकार, माजाच हात मेला. आजवर कदी आसा झाला नाय." इतक्यात राणीसाहेब आल्या, खड्डा पाहिला, मडके पाहिले, आणि क्षणभर विचार करोन बोलिल्या, "अहो, ती बाई तिथं पळीनं तळातला रस काढून मांसावर घालत होती. मी डोळ्यांनी बघितलंय. भांडं उलटं असतं तर तळात रस राहिला असता कसा?" हे ऐकोन कैतानाने कपाळावर हात मारिला. मग सरकार ऐसे उठले की धोतराचा सोगा बांधावरच्या काट्यास अडकोन टरकला, आणि त्यांनी हुकूम केला, "दुसरा वाटा आणा! मडकं सुलटं! दगड पुन्हा तापवा!" बिघडले मडके हौदामागे लपविण्यास सांगितले, आणि मुलीच्या दृष्टीस पडता कामा नये ऐसे तीनदा बजाविले. मग दुसरे मडके सुलटे ठेवोन, वरी परात झाकोन, माती लोटिली, आणि सरकार मातीपाशी बसले. वाफ कोठून निघते काय, म्हणोन दर घटकेस वाकोन हुंगीत. मुलगी उठली, तिने विचारिले, "आबा कुठं आहेत?" तेव्हा राणीसाहेबांनी सांगितले की, राज्याच्या कामात आहेत.

दिवेलागणीस मडके निघाले. पाने उघडताच वास उठला, आणि सरकारांच्या अंगावर काटा आला, कां की तो त्या बाजारचाच वास होता. मांस बोटाने सुटले, तळी रस, रसास रंग. ईडलिंबात मुरविलेला कांदा गुलाबी जाहला होता. राणीसाहेबांनी मक्याच्या इवल्या भाकऱ्या थापिल्या होत्या. कन्येस डोळे मिटावयास सांगोन ताट पुढे ठेविले. तिने घास घेतला. मग चावणे थांबले, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. सरकारांस वाटले, फत्ते जाहली. त्यांनी पुसिले, "जमलंय का गं?"

"आबा, अगदी तस्संच," मंजुळाराजे म्हणाल्या. "डोळे मिटले तर मी तिथंच आहे. रविवार आहे, आम्ही कामावरचे सगळे विहिरीवरनं ओले होऊन आलोय, आणि त्या ठेल्यावरच्या मावशी म्हणताहेत, उशीर केलात, संपत आलंय." मग डोळे पुसोन बोलिल्या, "मला भीती होती, इथं घरी येऊन बसले की तिकडचं सगळं परकं वाटेल आणि मला ठरवताच येणार नाही. तुम्ही ठरवून दिलंत. मी होय कळवते, आबा. चालेल ना?"

सरकारांच्या हाती घास होता, तो तैसाच राहिला. राणीसाहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेविला. सरकार म्हणाले, "चालेल की. का नाही चालणार. कांदा घे आणखी." त्यांस फार दुःख जाहले, आणि ते कोणास दिसू नये म्हणोन त्यांनी मांसाची तारीफ आपणच केली.

मग कन्या हात धुवावयास हौदाकडे गेली, ती बराच वेळ परत येईना. सरकारांस घोर लागला, पाय घसरला की काय, म्हणोन कंदील घेऊन गेले. पाहतात तो मंजुळाराजे हौदामागे उकिडव्या बसोन लपविलेले मडके पुढ्यात घेऊन वालाच्या तांबड्या चिकट शेंगा सोलोन एकामागे एक तोंडात टाकीत आहेत. ओठ काळे, बोटे तांबडी.

"हे का लपवलंत?"

"ते बिघडलं, बाळ. मांस वाळून गेलं."

"मांस गेलं असेल. वालात सगळं उतरलंय." तिने एक शेंग सोलोन बापाच्या तोंडी घातली. सरकारांनी चावली. वालाचा कडवटपणा, भांबुर्ड्याचा धुरकट वास, आणि आत ती तांबडी आंबट चरबी. ऐसी चव त्यांनी ना येथे खादली होती, ना तेथे.

"हे तिकडं नाही मिळत, आबा," ती म्हणाली. "कुठंच नाही मिळत." सरकार भुईवर बसले. मग दोघांनी मडके रिते केले, आणि कैतान दुरून पाहत राहिला. ती बोलिली, "दर पौषात येईन. पण मडकं असंच लावायचं, उलटं, कुणी सुधारायला जायचं नाही." सरकारांनी लगेच पुसिले, "आणि रजा नाही मिळाली तर?" तेव्हा ती दोन वर्षांमागे हसली होती तैसी हसली.

तात्पर्य, कन्या घरी राहावी म्हणोन जे मांस केले त्याने कन्या गेली, आणि जे मडके फसले त्यासाठी तिने दर पौषात येण्याचा शब्द दिला. आज शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मास. वाल भरले आहेत. परसात दोन खड्डे खणिले आहेत, एकात मडके सुलटे, दुसऱ्यात उलटे. खलिता चार दिवसांमागे आला की, निघाले. कैतान काडी हाती घेऊन पुसतो, "पेटवू का सरकार?" सरकार टेकडीच्या रस्त्याकडे पाहतात आणि म्हणतात, "थांब जरा. गाडी दिसू दे." येथवर वर्तमान कळले, तितके लिहिले.