अडणारी तलवार

खंडेनवमीच्या सकाळी शालनताईंनी घरची तलवार चिंचेनं घासली आणि चौगल्यांचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास मोरीतून वाहून गेला.

त्यांचा हेतू चांगला होता. दुपारी कागलहून पाहुणे येणार होते, आणि तेही मुलगी बघायला नव्हे, तर तलवार बघायला. मुलगी त्यांच्या मुलानं आधीच बघितली होती. गणपतराव सावर्डेकरांचा धैर्यशील आणि चौगल्यांची संयोगिता विद्यापीठात एकाच वर्गात इतिहास शिकले होते, आणि लग्नाचं दोघांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आता मोठ्यांनी ते नव्यानं ठरवल्यासारखं करायचं, एवढंच उरलं होतं. पण गणपतरावांचा एक हट्ट होता. "सोयरीक करायची तर तलवारीच्या घरात," असं ते म्हणत. "आमची तलवार घिऊन येतो. दोन्ही एका पाटावर पुजू आन् तितंच सुपारी फोडू."

हा निरोप आल्यापासून जोतीराम चौगल्यांची छाती फुगलेली होती. मंगळवार पेठेत घर आणि लक्ष्मीपुरीत पेंडीचं दुकान असलेला हा माणूस तसा सरळ होता. गिऱ्हाइकाला कधी भेसळीची पेंड दिली नाही. भेसळ फक्त तलवारीच्या गोष्टीत होती. लहानपणी कुणा चुलत्यानं "तलवार जुनी हाय" म्हणून सांगितलं होतं. जोतीरामनं कॉलेजात ती शंभर वर्षांची केली, लग्नात दोनशे वर्षांची केली, आणि हे २००३ साल उजाडेपर्यंत ती थेट पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन पोचली होती. सांगून सांगून आता त्यालाही ते खरं वाटत होतं.

तलवारीचा एक गुण मात्र खरा होता. ती अडायची. म्यानातून काढायला दोन माणसं लागत, आणि परत घालताना दोन बोटं बाहेरच राहायची. मुठीजवळ एक छोटा खटका होता, पण तो कधी लागलेला कुणी ऐकला नव्हता. शालनताई खोबरेल लावून थकल्या होत्या. जोतीराम म्हणायचा, "रक्त प्याल्याशिवाय ती पुरती आत जात न्हाई. जातिवंत हाय."

दरवर्षी तो तलवारीवर तेल-शेंदूर चोपडायचा. थरावर थर बसून पातं गणपतीसारखं केशरी झालं होतं. पाहुण्यांसमोर ते चकाकावं म्हणून शालनताईंनी चिंच-राख घेतली, आणि मुठीजवळ घासता घासता त्या थांबल्या.

"अवो! हिकडं या जरा. हिला नंबर हाय."

"कसला नंबर?"

"स्कूटरच्या चासीवर असतोय बगा, तसला."

जोतीराम धावत आला. पात्यावर ओळीनं पाच आकडे ठोकलेले होते: ४८२१३. तेही इंग्रजी आकडे.

"म्हाराजांच्या फौजेत शिस्त होती," तो म्हणाला. "प्रत्येक तलवारीला नंबर."

"इंग्रजीत?"

"म्हंजे... साहेबाकडनं जिंकलेली असंल."

"आन् नंबराम्होरं हे काय? घराला खिडक्या पाडल्यागत?"

जोतीरामनं चष्मा पुसला. आकड्यांशेजारी एक बारीक चिन्ह होतं. मध्ये चौकट, चौकटीत आडव्या रेघा आणि खाली तिरके पाय. "मोडी!" तो आनंदानं ओरडला. "मोडी हाय ही! संयोगिते, ये, वाच!"

संयोगितानं मोडीचा अभ्यासक्रम केला होता. तिनं तलवार खिडकीपाशी नेली आणि नीट बघितली. "आप्पा, मोडी वाहती. लिहिणाऱ्याचा हात उचलत न्हाई, अक्षरं एकमेकाला धरून पळत्यात. हे तर उचलून उचलून काढलंय. ही मोडी न्हाई."

"मग हळेकन्नड असंल. कर्नाटक जवळ हाय."

संयोगितानं फ्रीजवरचं देवीचं चुंबक काढलं आणि पात्याला लावलं. ते चटकन चिकटलं. मग मुठीला लावलं, तर ते घसरून खाली पडलं. मूठ दोरा गुंडाळल्यासारखी दिसत होती, पण तो दोरा नव्हता. दोऱ्याची वीण साच्यात ओतलेली होती आणि वरून तपकिरी रंग दिलेला होता. रंग उडालेल्या जागी खालचा धातू पांढरा दिसत होता.

"आल्युमिनम," शालनताई म्हणाल्या. भांड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात शेवटचा असे.

शिवकाळात अॅल्युमिनियम कुठून आलं, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो आणि खालची मुद्रा कागदावर उमटायची. संयोगितानं तसाच ठसा घेतला, एक नंबराचा आणि एक मुठीच्या कड्यावरच्या, एकमेकांत अडकलेल्या वर्तुळांचा. कागदाची घडी करून ती राजारामपुरीतल्या नेट कॅफेकडे सुटली.

ती परत आली तेव्हा जोतीराम पात्यावर नव्यानं शेंदूर थापत होता. तिनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"आप्पा, जपानी हाय."

"कोण?"

"तलवार. दुसऱ्या महायुद्धातली. कारखान्यात मशीनवर केलेली. ती वर्तुळं शस्त्रांच्या कारखान्याचा शिक्का, आन् ते खिडकीवालं तपासणाऱ्याचं चिन्ह. पात्यावर जो नंबर, तोच म्यानाच्या तोंडावर असतोय. मूठ आल्युमिनमची, म्हंजे पार शेवटच्या वर्षातली न्हाई. शेवटी त्यांच्याकडं धातूच उरला न्हवता, मुठी लाकडाच्या करायला लागले. आपली साधारण चाळीस ते चव्वेचाळीस सालातली. तुमच्यापेक्षा चार-पाच वर्सांनी थोरली."

जोतीरामनं शेंदरी हातानं कपाळ धरलं. "जपानच्या राजाची तरी हाय का?"

"हवालदाराची."

जोतीराम पाटावर बसला. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"पावणं गेल्यावर जपानी करू," तो कुजबुजला. "आजच्या दिवस मराठीच ऱ्हाऊ दे. पोरी, तुजं लगीन हाय म्हणून सांगतोय."

संयोगिताला धैर्यशील हवा होता, पण खोट्या तलवारीवर सुपारी फोडायला तिचं मन घेईना. "उद्या कळलं तर? मग जन्मभर मलाच टोमणं."

"कळतंय कशाला? शेंदराचा थर बघ केवढा दिलाय!"

गणपतराव आत आले ते दारातून नव्हे, तर दार भरून आले. अंगात पांढराशुभ्र तीनबटनी शर्ट, झुपकेदार मिश्या, आणि हातात हिरव्या जरीच्या कापडात गुंडाळलेली लांबलचक तलवार. मागं धैर्यशील होता. घरी घट बसलेले, म्हणून गणपतरावांच्या पत्नी मागं राहिल्या होत्या.

कोपऱ्यात कॉटवर जोतीरामची आई, आक्का, सुपारी कातरत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, पण कान शाबूत. "या पावणं. लई दांडगं हाय की वो तुम्ही. बसा, पर त्या वेताच्या खुर्चीवर नगो."

चहा झाला, चिवडा झाला. गणपतरावांनी आपली तलवार न उघडता पाटावर ठेवली. "आमची बाजीरावांच्या काळातली. उत्तरंच्या सवारीतली. तुमची?"

"आमची जरा आदुगरची," जोतीराम विनयानं म्हणाला. "पन्हाळ्याचा येढा."

गणपतरावांच्या मिश्या किंचित खाली आल्या. "काढा की मग, बघू."

"अडती हो ती. जातिवंत हाय."

"आणा हिकडं. हे मनगाट कागलचं हाय."

गणपतरावांनी मूठ धरली आणि ओढली. तलवार हलेना. त्यांनी म्यान दोन गुडघ्यांत धरलं. जोतीरामनं मागून त्यांना धरलं, धैर्यशीलनं जोतीरामला धरलं. "हां, वडा!" आक्का कॉटवरून ओरडली. तिसऱ्या हिसक्याला तलवार सुटली आणि तिघंही मागच्या मागं बसले. ओल्या शेंदराचा एक सणसणीत पट्टा गणपतरावांच्या तीनबटनीवर खांद्यापासून कमरेपर्यंत उठला.

"आगं बाई, मारुती झाला की पावण्याचा," आक्का म्हणाली.

शालनताई ओला रुमाल घेऊन धावल्या. पण गणपतरावांनी त्यानं आधी शर्ट नव्हे, तर सवयीनं पातं पुसलं. जोतीरामनं डोळे मिटले. पाच आकडे आणि खिडकीचं घर लख्ख दिसायला लागलं.

गणपतरावांनी नंबर वाचला. पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा शर्टाच्या उरलेल्या भागासारखा पांढरा पडला.

"ते काय हाय, पावणं," जोतीराम घाईघाईनं म्हणाला, "ती मोडी..."

"व्हय, व्हय! मोडीच!" गणपतराव त्याच्याहून घाईनं म्हणाले. "चांगली मोडी हाय. फोडा सुपारी."

संयोगितानं मान वर केली. मोडी शिकलेला धैर्यशील समोरच उभा होता. त्याच्याबरोबर ती दोन वर्षं त्याच बाकांवर बसली होती. आणि तो आता गप्प राहून आपल्या बुटांकडे बघत होता.

"काका," ती म्हणाली, "तुमची तलवार उघडायची न्हाई का? पूजा दोन्हींची हाय न्हवं?"

"कापडासकट चालती की. आमच्यात तसंच असतंय."

"उघडा की वो," आक्का म्हणाली. "का नवरीगत पदर घिऊन बसलीया?"

"नगो, आक्का. आमची जरा उतावीळ हाय. आपणहून भाईर..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. नको नको म्हणत त्यांनी तलवार उचलली आणि नेमकी उलटी धरली. जरीच्या कापडातल्या म्यानातून पातं आपणहून घसरलं आणि खणखणत फरशीवर पडलं. तेच पातं. तीच साच्यातली मूठ. तेच खिडक्यांचं घर. आणि शेजारी नंबर: ४८१२७.

खोलीत फक्त आक्काचा अडकित्ता वाजत होता.

"बाबा," धैर्यशील हळूच म्हणाला, "मी गेल्या वर्षीच सांगितलंवतं, जपानी हाय म्हणून."

"आन् मी सांगितलंवतं, भाईर बोलायचं न्हाई म्हणून!"

जोतीराम गणपतरावांकडे बघत होता, गणपतराव जोतीरामकडे. कुणी आधी रागवायचं, हे दोघांनाही कळत नव्हतं.

"ही बी बर्माची व्हय?" आक्कानं विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. "आये, तुला म्हाईत होतं?" जोतीराम ओरडला.

"मग? तुज्या बानं आणली की. हवालदार होते, बर्मात लढलेले. तू लई ल्हान असताना गेले. जपानी हरलं तवा तलवारींचा ह्यो ढीग घातलावता म्हनं. एकेकाला एकेक दिली."

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"मला कुणी इचारलं? तू येढा सांगायला लागलास की मी सुपारी खायाची." आक्कानं एक खांड तोंडात टाकलं. "हे म्हणायचे, गाडीत चढायच्या घाईत म्यानं बदलली. जोडीदार माजं म्यान घिऊन गेला, म्हणून अडतीया. कागलकडचा होता. आकाराम."

गणपतराव कष्टानं उठून उभे राहिले. शेंदराच्या पट्ट्यासकट. "आकाराम सावर्डेकर?"

"आडनाव कुटलं सांगायचे! आक्या म्हणायचे."

"माजा बा!"

संयोगिता जमिनीवर बसली होती. तिनं घरच्या म्यानावरची जुनी लाल मखमल तोंडापाशी नखानं उसवली. खाली हिरवट रंग होता आणि लोखंडी तोंडावर नंबर. तिनं तो मोठ्यानं वाचला. "चार आठ एक दोन सात."

धैर्यशीलनं आपल्या म्यानावरचं जरीचं कापड मागं सारलं. त्याच्या आवाजाला हसू फुटत होतं. "चार आठ दोन एक तीन."

संयोगितानं आपलं म्यान त्याला दिलं, त्यानं आपलं तिला दिलं. चौगल्यांची तलवार तिच्याच नंबराच्या म्यानात लोण्यासारखी आत गेली, आणि जन्मात पहिल्यांदाच त्या घरात खटका लागल्याचा आवाज आला. कट्. पाठोपाठ दुसरा. कट्. गणपतरावांनी आपली तलवार उलटी धरली, हलवली, झटकली. ती पडेना.

"हे मरूपत्तूर म्हणायचे," आक्का पदरानं डोळे टिपत म्हणाली, "आक्या म्यान पोचवायला येईल. आला की. जरा उशिरानं, पर पोराला आन् नातवाला घिऊन आला."

मग सुपारी फुटली. गणपतरावांना जोतीरामचा शर्ट दिला, तो पोटावर बसला नाही, म्हणून त्यांनी तो खांद्यावर टाकून पुरणपोळी खाल्ली. दोघे व्याही एका पाटावरच्या दोन तलवारींना हात जोडून उभे राहिले तेव्हा पेठेतले शेजारी दारात जमले होते. फुटलेल्या सुपारीपेक्षा त्यांना पडलेल्या तलवारीची उत्सुकता जास्त होती.

"काय जोतीराम, पन्हाळ्याची न्हवं म्हणं?"

जोतीरामनं गणपतरावांकडे पाहिलं. गणपतरावांनी मिशीला पीळ दिला. जोतीरामची छाती हळूहळू पुन्हा फुगली.

"पन्हाळ्याचं काय घिऊन बसलाय! येढ्यातल्या तलवारी गावोगाव हायत. ह्या सातासमुद्रापलीकडच्या. जपानच्या सरसेनापतीच्या, खाशा..."

"हवालदाराच्या!" आतून आक्काचा आवाज आला. "हवालदारानं हवालदाराची आणली!"