ताडपत्रीचा गळा

ताडपत्रीच्या कडा सरळ का नकोत, हे आकाराम सुभेदार बायकोला समजावून सांगत होते आणि विजयमालाबाई सुईत दोरा ओवत होत्या.

"कड सरळ ठिवली की वाऱ्यात फडफडती. आत वळवून कापली की ताणून बसती. चंद्रकोरीवानी."

"म्हंजे चांगलं सरळ कापड वाकडं करायचं."

"वाकडं न्हाई गं. वळणदार."

सुभेदारांची सगळी नोकरी तंबूत गेली. दर सुट्टीत ते बर्फातल्या चांदण्याचं वर्णन करायचे आणि शेवटी म्हणायचे, "एकदा तुला डोंगरमाथ्याच्या सड्यावर कापडाखाली झोपवतो बघ." हे लग्नाच्या वर्षापासून चाललं होतं. छपराबाहेर झोपायचं म्हणजे विजयमालाबाईंना मिरजेच्या दवाखान्याचा व्हरांडा तेवढा ठाऊक. आता पोरं मार्गी लागली, म्हैसही विकली. सुभेदारांकडे सबब म्हणून उरली नाही, तेव्हा उंब्रजच्या बाजारातून त्यांनी ताडपत्रीचं पातळ कापड आणलं.

भिंतीला दोन खिळे ठोकून त्यांनी दोरी सैल टांगली. तिनं आपल्या वजनानं जो झोळ घेतला, तो खडूनं कागदावर उतरवला आणि कागद बायकोच्या हवाली करून ते बाजेवर आडवे झाले. डोळे मिटले. सडा दिसला. घारीच्या पंखासारखं कापड पसरलेलं. वारा चपला काढून हळूच बाजूनं चाललाय. आपण खाली पडलोय आणि विजयमाला चहा करतेय.

इकडे विजयमालाबाईंनी कापडाची चार पदरी घडी घातली. निम्म्या गावाची पोलकी त्यांच्याच हातची. बाहेरच्या कडा कागदाबरहुकूम वळवून झाल्या, आणि मग कात्री रोजच्या सवयीनं घडीच्या कोपऱ्यावरून गोल फिरली.

घडी उलगडली.

"ह्ये मधी काय?" सुभेदारांनी विचारलं.

"गळा."

"कुणाचा?"

"हात गेला वळणानं." मग बाईंनी कापड जरा लांब धरून बघितलं. "उतरलाय मात्र झकास."

शेजारच्या मनुबाई कुंपणावरून डोकावल्या. "एवढं कुणाचं माप गं, विजे?"

"डोंगराचं," सुभेदार म्हणाले.

"मग बाह्या न्हाईत व्हय?"

गळ्याचा निघालेला तुकडा शिवणीत आखूड पडायचा; बुजवायला उरल्या कडांच्या कातरलेल्या चंद्रकोरी. पण कोरीला कोर जोडून चौकोनी ठिगळ कुठलं व्हायला? बाईंनी ओढूनताणून ते बसवलं. ठिगळ बसलं, कापड आवळलं आणि एक कोपरा हातभर आखूड पडला.

"चालतंय," सुभेदार म्हणाले. "फौजेत ह्याहून वाईट बघितलंय."

सड्यावर पोचल्यावर पहिला कोपरा स्कूटरला बांधला, दुसरा धोंड्याला, तिसरा करवंदीच्या जाळीला. चौथ्याची दोरी मात्र कशालाच पुरेना, आणि कातळात खुंटी शिरेना.

"जरा धरा तुमी. मी आत जाऊन चहाचं बघते," म्हणत बाई कापडाखाली शिरल्या. मग म्हणाल्या, "आवं, पडून बघू का वाईच?"

"बघ की. कसं वाटतंय?"

"लय भारी. कड हालत सुदीक न्हाई."

ते खरं होतं. वारा येत होता, कडेला हात लावून पुढं जात होता. सुभेदारांनी विचारलं, "मग, चहा?" वाकून बघितलं तर हाताची उशी करून बाई झोपल्या होत्या, सगळ्यात आधी उठणाऱ्या माणसाला एकदाची मिळावी तशी झोप.

सुभेदारांनी दोरी तसूभर सैल सोडली. कापड बाईंच्या नाकावर आलं. त्यांनी पुन्हा ताणली.

ऊन कलताना मेंढरं घेऊन एक धनगर आला. "पावनं, खांबावानी का हुबं?"

"हळू बोल रं. आत माणूस झोपलंय."

धनगरानं वाकून बघितलं. "आन् तुमी कवा झोपणार?"

"कोपरा धरतोस वाईच?"

"आन् मेंढरं कुणी धरायची?" असं म्हणून तो मेंढरांमागं निघून गेला.

सुभेदारांनी दोरी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. समोरच्या दरीत धुकं सावकाश वर येत होतं. त्यांनी उभ्या उभ्याच डोळे मिटले आणि कुणीच करत नसलेल्या चहाचा वास घेत राहिले.