लांब पल्ल्याचा घोडा

हरेश्वरनं एक गोष्ट बायकोपासून लपवायची ठरवली, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. लपवायला बाई-बाटली असलं काही नव्हतं. (असतं तर गावानं आधीच बायकोला सांगितलं असतं.) लपवायची होती ती चांदमारी.

अलिबागेत एक पेन्शनीत निघालेले कप्तानसाहेब राहायला आले होते. त्यांना समुद्राची हवा मानवली, पण रिकामपण मानवेना. तेव्हा त्यांनी टूम काढली. रविवारी ओहोटीला आठशे यार्डांवर कापडी चांद उभा करायचा आणि जिल्ह्यातल्या जुन्या शिपायांनी त्यावर गोळ्या झाडायच्या. पहिल्याला चांदीचा पेला. बंदुका साहेबांच्या, काडतुसं साहेबांची, शिपायानं फक्त आपला नेम घेऊन यायचं. (हरेश्वरकडे नेमकी तेवढीच वस्तू नव्हती.)

हरेश्वर मागच्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला. तिथं त्यानं किती तुर्क लोळवले तो आकडा दर शिमग्याला वाढत होता. पण गावानं त्याचा नेम एकदाच पाहिला होता. भातात शिरलेल्या रानडुकरावर त्यानं ठासणीची बंदूक झाडली. डुक्कर निवांत खात राहिलं आणि शेजारच्या भागुबाईच्या छपरावरचा भोपळा फुटला. त्या दिवसापासून तो 'भोपळेमार'. स्वतःला त्याचं काही वाटत नाही असं तो म्हणे. पण त्याची पोर राही विहिरीवर गेली की बाया विचारायच्या, "भोपळेमाराची व्हय गो तू?" आणि पोर रिकामी कळशी घेऊन रडत घरी यायची. ते मात्र त्याला लागायचं. पेला मिळाला तर ते नाव पुसलं जाणार होतं. न मिळाला तर निदान कोणाला कळू नये, म्हणून हा गुपचूप कारभार.

आता अडचण उरली ती निवडीची. साहेबांनी निरोप धाडला होता, बंदुका दोन तऱ्हेच्या आहेत, कुठली हवी ते आल्याबरोबर सांगायचं, मागून बदल नाही. नळी दोन्हींची चांगली. फरक पोटातल्या यंत्राचा, नवीत मागंपुढं सरकणारी खिटी, जुनीत खाली ओढायचा दांडा. ह्या यंत्राला साहेब लोक 'ॲक्शन' म्हणतात. पलटणीत आपली माणसं त्या सगळ्याला मिळून घोडाच म्हणायची. चाप ओढला काय, खटका पडला काय, आतली कमान सुटली काय, सगळा घोडा.

हरेश्वर पडवीत बसून रघू नाखव्याशी सल्लामसलत करू लागला. रघू बसऱ्याला बोटीवर होता, म्हणजे बंदुकीतलं त्याला काही कळत नव्हतं. पण सल्ला द्यायला ते कधी आड आलं नाही.

"आयतवारी अलिबागला वाळूवर घोडा पसंत करायचाय," हरेश्वर हळूच म्हणाला.

"लांबच्या पल्ल्याला?"

"लांबच्याच."

"मग नवा घे. नवा चपळ."

"चपळ हाय रे. बोट लावायचा अवकाश, की सुटला. पन जुन्याची मला सवय हाय."

"जुना दमला असंल."

"दमला न्हाय, जड झालाय. ओढावा लागतो."

आत नीराबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. घोडा! आणि लांबच्या पल्ल्याला! नीराबाईचं माहेर लांब, तळे गावाला. तिथं जायचं म्हणजे थोडी होडी, थोडी बैलगाडी आणि बाकी पायपीट. मोटारीत बसली की तिच्या पोटात ढवळायचं. आई म्हातारी झाली होती, आणि गणपतीपासून नीराबाई रोज "एकदा जाऊन येऊ" म्हणत होती. रोज हरेश्वर "बघू" म्हणत होता. बघू-बघू म्हणणारा माणूस शेवटी गुपचूप घोडा बघायला निघाला! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (तांदळात दोन खडे तसेच राहिले, ते हरेश्वरच्या दाताखाली आले.)

रात्री भात वाढताना ती म्हणाली, "अवो, ऐकलं मी सगळं."

हरेश्वरनं हातातला घास परत ताटात ठेवला. "काय ऐकलंस?"

"घोड्याचं. लपवता कशाला? मला काय आनंद व्हायचा न्हाय?"

हरेश्वर तिच्याकडे बघतच राहिला. चांदमारीचं ऐकून बायकोला आनंद झाला, ही गोष्ट त्याला बसऱ्यातसुद्धा दिसली नव्हती.

"माझं ऐकाल तर जुनाच घ्या," ती म्हणाली. "नव्याच्या अंगात रग असते. कवा उधळंल सांगता येत न्हाय."

"व्हय व्हय," हरेश्वर पुटपुटला. खरंच होतं. नव्या खिटीच्या यंत्राचा चाप इतका हलका की मनात आलं की बार. "पन जुना जड ओढतो गो."

"जड तर जड. लाथ मारतो का?"

"थोडी मारतो."

"मग अंगाला चिकटून ऱ्हायचं. लांब उभं ऱ्हायलं की जोरात बसते."

हरेश्वरनं ताटातला हात बाहेर काढला. बसऱ्याच्या हवालदारानं रडकुंडीला येऊन जे शिकवलं होतं, ते ही बाई आमटीची पळी हातात धरून सांगत होती! दस्ता खांद्याला घट्ट धरा म्हणजे धक्का कमी बसतो.

"आनि वाळूत बसकण मारनारा नको," नीराबाईनं शेवटचं सांगितलं.

"न्हाय मारत. जुन्याला खाली एकच दांडा. वाळू गेली तरी अडत न्हाय."

दांडा कशाला ते नीराबाईला कळलं नाही, पण घोड्याला काहीबाही लागत असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

त्या रात्री हरेश्वर ओट्यावर बसून विचार करत राहिला. नव्या यंत्रात बोट हलल्यापासून गोळी सुटेपर्यंत मधे वेळच नाही. जुन्यात तो आहे, बारीकसाच, पण आहे. आणि तेवढ्या वेळात माणूस हलतो. पेला बोलावत होता तो नव्याकडे. पण बारा वर्षांच्या संसारात त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं. एवढं मोठं एकमत मोडून पेला जिंकायचा, हे काही त्याला बरं वाटेना. ठरलं, जुना.

नीराबाईनंही काहीतरी ठरवलं होतं. नवरा भोळा, बाजारात कोणीही त्याच्या गळ्यात लंगडं जनावर बांधलं असतं. तिनं घोडेवाल्या चांगदेवाला गाठलं. "तुझी म्हातारी घोडी घेऊन आयतवारी अलिबागच्या वाळूवर ये. ह्यांना दाखवू. पसंत पडली तर तिथूनच माझं गाठोडं लादून तळ्याला निघू."

रविवारी वाळूवर दहा-बारा जुने शिपाई रांगेत पालथे पडले होते. कप्तानसाहेबांनी विचारलं, "तुम को कौनसा ॲक्शन मांगता?"

"जुना, साहेब."

"क्यूं? सब लोग नया लेता है."

"बायको म्हनते, साहेब."

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मेमसाहब शूटिंग जानता?"

"सगळं जानता साहेब," हरेश्वर अभिमानानं म्हणाला.

दूर चांदाशेजारी वाळूच्या खड्ड्यात निशाणवाला बसला होता. गोळी लागली तर पांढरं निशाण, हुकली तर लाल. हरेश्वरच्या आधीच्या सगळ्यांना लालच दिसलं होतं. आठशे यार्ड, वर समुद्राचा वारा. घोडे नवे असून सगळे सारखेच आंधळे. रांगेत हरेश्वर शेवटचा, म्हणजे एक गोळी लागली तरी पेला त्याचा.

हरेश्वरनं पहिली झाडली. लाल. दुसरी झाडली. लाल. तिसरीला लाल निशाण गोळीच्या आधीच वर आलं, असं पाहणारे सांगतात. आता उरली शेवटची. त्यानं डोळे मिटले, राहीची रिकामी कळशी आठवली आणि डोळे उघडले. वारा पडला होता. दस्ता खांद्याला चिकटला होता. हात दगडासारखा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, ही लागणार. त्यानं हळूहळू चाप ओढला.

आणि त्याच वेळी मागून, माडांच्या बाजूनं, नीराबाई आणि चांगदेव घोडीला घेऊन वाळूत उतरले. घोडीच्या पाठीवर आईसाठी बांधलेलं सुक्या बोंबलांचं गाठोडं होतं.

बार झाला.

म्हाताऱ्या घोडीनं कान टवकारले, चांगदेवाच्या हातातला कासरा हिसडला आणि उधळली ती शिपायांच्या रांगेवरून उडी मारून सरळ समोर. साहेब "बंद करो! बंद करो!" म्हणून ओरडू लागले. वाळूभर बोंबील सांडत घोडी धावत होती. निशाणवाल्यानं खड्ड्यातून डोकं वर काढलं, घोडी पाहिली आणि दोन्ही निशाणं टाकून समुद्रात पळाला. घोडी थेट चांदात घुसली. कापड फाटलं, काठ्या मोडल्या. घोडी फाटका चांद गळ्यात घालून पुढं उभी राहिली आणि लाटांकडे बघत हुश्श करू लागली.

मग कोणीतरी ओरडलं, "हरेश्वराचा घोडा लागला रं!"

हरेश्वर धावत सुटला. त्याला घोडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला भोक बघायचं होतं. तो फाटक्या कापडाच्या चिंध्या जुळवत बसला, ह्या चिंधीत, त्या चिंधीत. पण घोडीनं इतकी भोकं पाडली होती की त्यातलं गोळीचं कुठलं ते देवालाच ठाऊक. "लागली होती," तो कोणाला तरी सांगत होता. "चौथी लागली होती." साहेबांनी हसून हसून डोळे पुसले आणि पेला कोणालाच न देता घरी नेला.

तेवढ्यात नीराबाई बोंबील वेचत वेचत तिथं पोचली. तिच्या हातातलं रिकामं गाठोडं, समोरची घोडी, आणि आठवडाभरचं ते एकमत हरेश्वरच्या डोक्यात एकदम एका रांगेत उभं राहिलं. तो वाकून तिच्याबरोबर बोंबील वेचू लागला. वेचता वेचता म्हणाला, "उद्या जाऊ गो तळ्याला. पायी जाऊ."

नीराबाईचा चेहरा उजळला. तिनं मागं वळून लांब वाळूत पालथे पडलेले शिपाई पाहिले, बंदुका पाहिल्या आणि समजूतदारपणे मान हलवली.

"जाऊ. आनि बार काढून घोडी पारखलीत ते ब्येस केलंत. बुजरी निघाली, घरात आनली असती तर पोरीला तुडवली असती." मग आवाज खाली आणून, कौतुकानं, "बार काढायला तुमच्यासारखाच मानूस पायजे बघा. पुढं एवढी मानसं-जनावरं होती, पन कुनाला लागंल अशी भीती म्हनून वाटली न्हाय."