मॅक्सनच्या नावावर लागलेला गेरू

"सतरा दिवस," नेस्टा म्हणाली आणि तिने चहाची किटली टेबलावर जरा जोरातच ठेवली. "सतरा दिवसांत निम्म्या मेंढ्यांच्या पाठीवर रंग दिसला नाही, तर तुझा मॅक्सन मंगळवारच्या बाजारात. मग माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

इद्वल पावाला लोणी लावत होता. तो लावतच राहिला. एका तुकड्याला एवढे लोणी त्याने आयुष्यात कधी लावले नव्हते.

मॅक्सन हा त्यांच्या कळपातला एकुलता एक मेंढा. जन्मला त्या दिवशीच आई गेली, म्हणून इद्वलने त्याला चुलीशेजारी खोक्यात ठेवून बाटलीने दूध पाजून वाढवले. आता तो सात वर्षांचा होता, आणि त्याच्यासारखी मऊ लोकर आमच्या सगळ्या खोऱ्यात दुसरी नव्हती. त्याच्याच वंशाची लोकर कातून नेस्टा सूत करायची आणि ते विकत घ्यायला बायका पार कार्डिफहून यायच्या. पण गेल्या वर्षी बासष्ट मेंढ्यांपैकी अठरा गाभण न राहता रिकाम्या राहिल्या होत्या, आणि डोंगरापलीकडे एक तरणाबांड मेंढा विकायचा आहे, हे नेस्टाला कळले होते.

"त्याच्यासारखी लोकर दाखव कुठं," इद्वल पुटपुटला.

"लोकरीला कोण नाव ठेवतंय? पण ती लोकर अंगावर घेऊन हिंडायला कोकरं नकोत का? का ती पण मीच विणू?"

इद्वल उठला, मॅक्सनच्या छातीला पट्टा बांधला, पट्ट्यात नवाकोरा लाल खडू बसवला आणि त्याला मेंढ्यांत सोडून आला.

आमच्याकडे हे असेच चालते. मेंढ्याने आपले काम केले की खडूचा रंग मेंढीच्या पाठीवर उमटतो. सतरा दिवसांनी खडू बदलायचा. मेंढी गाभण राहिली असेल तर ती पुन्हा मेंढ्याकडे फिरकत नाही. नसेल राहिली, तर लालवर निळा चढतो. कोणाला काही विचारावे लागत नाही, पाठ बघितली की सगळे कळते. कोणती मेंढी आधी विणार तेही त्यावरूनच ठरते.

चार दिवस झाले. नेस्टा रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बीण लावायची आणि "शून्य" म्हणून दुर्बीण खाली ठेवायची. मॅक्सन जात्याच लाजाळू. कोणी बघत असले की तो आपला इमानदारीत गवत खायचा. इद्वल कुंपणाशी उभा राहून त्याला चुचकारून बघायचा, रागावून बघायचा. मॅक्सन चघळत ऐकून घ्यायचा.

पाचव्या दिवशी दुपारी नेस्टा चॅपेलमध्ये, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमध्ये, गाण्याच्या तालमीला गेली. इद्वलने गोठ्याच्या माळ्यावरून वडिलांच्या वेळचा गेरूचा डबा काढला, गेरू तेलात कालवला, एका हातात खाद्याची बादली आणि दुसऱ्या हातात कुंचला घेऊन तो मेंढ्यांत शिरला. माणूस सज्जन होता हो. आयुष्यात कधी कोणाला फसवले नव्हते. त्यामुळे पहिल्या मेंढीपेक्षा मागे आलेल्या कुत्र्याच्या कानालाच गेरू जास्त लागला. चार मेंढ्या रंगवून तो थांबला. उगाच संशय नको.

"चार!" संध्याकाळी नेस्टा दुर्बिणीतून ओरडली. "चला, म्हातारा जागा झाला म्हणायचा."

"मी म्हणत नव्हतो?" इद्वल म्हणाला आणि हात खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी त्याने तीन रंगवल्या. म्हणजे सात व्हायला हव्या होत्या. नेस्टाने मोजल्या, तर अकरा! इद्वलने स्वतः जाऊन मोजल्या. अकराच. क्षणभर त्याला वाटले, मॅक्सनने मनावर घेतले. मग त्याने डोके चालवले आणि त्याचे तोंड उतरले. गेरू ओला, मेंढ्या खाद्याच्या बादलीपाशी एकमेकींना खेटून उभ्या राहणाऱ्या. हिचा रंग तिला लागतोय, दुसरे काय? तो बिचारा आणखी बेताने रंगवू लागला, पण आकडा काही ऐकेना. बाराव्या दिवशी चाळीस झाल्या. सतराव्या दिवशी बासष्टच्या बासष्ट मेंढ्या मागून लालभडक.

या काळात इद्वलच्या बाह्या लाल झाल्या, पायमोजे लाल झाले, रविवारी पाद्रीबाबांशी हात मिळवला तर त्यांचाही हात लाल झाला. एरवी सदऱ्यावरच्या चहाच्या डागाचा पंचनामा करणारी नेस्टा याबद्दल चकार शब्द बोलली नाही. इद्वलला वाटले, आपण किती हुशार!

ठरल्याप्रमाणे त्याने निळा खडू लावला. दिवस जात राहिले आणि निळा रंग एकाही पाठीवर उमटला नाही. आता हे जगाच्या दृष्टीने नवल होते: एका फेरीत सगळा कळप गाभण! पण इद्वलने मनाशी वेगळाच हिशेब केला. ज्या मेंढ्या त्याने स्वतःच्या हाताने रंगवल्या, त्यांच्यावर तरी निळा चढायला हवा होता. नाही चढला, याचा अर्थ मॅक्सन कोणाच्या जवळ गेलाच नाही. म्हणजे बासष्ट मेंढ्या रिकाम्या. वसंतात अंगणात एक कोकरू नाही. आणि ज्या ऐन मोसमात दुसरा मेंढा आणता आला असता, तो मोसमही आपणच आपल्या खोटेपणापायी घालवला.

हे नेस्टाला सांगायचे कसे? रोज सकाळी तो सांगायचे ठरवून खाली यायचा आणि ती त्याच्यापुढे मनुकांचा ताजा केक ठेवायची. आजकाल ती फारच गोड वागत होती. मग लाजेखातर तो भांडी घासायला घ्यायचा. ती म्हणायची, "राहू दे रे, मी घासते." तो म्हणायचा, "नाही गं, तू बस." लग्नाला एकतीस वर्षे झाली होती, आणि घरात एवढे सौजन्य पहिल्यांदाच नांदत होते.

अशातच एके दिवशी कॅराडॉगने भिंतीवरून डोकावून पाहिले. कॅराडॉग म्हणजे शेजारी, आणि खोऱ्यातल्या मेंढपाळ मंडळाचा चिटणीस. त्याच्या डोळ्यांतून काही सुटत नसे आणि तोंडात काही टिकत नसे.

"इद्वल! अरे, निळा एक पण नाही?"

"नाही दिसत," इद्वल म्हणाला. हे तरी खरे होते.

"आणि माझा गाढव मेंढा बघ, दीड महिना झाला तरी अजून तिसऱ्या, हिरव्या खडूवर! ते काही नाही, मंडळात तुझं भाषण ठेवतो. कळपाची वाढ कशी करावी. नाही म्हणायचं नाही."

इद्वल नाही म्हणाला. कोणी ऐकले नाही. चॅपेलच्या मागच्या खोलीत तीस मेंढपाळ हातात चहाचे कप घेऊन बसले, आणि इद्वल उभा राहिला. मेंढा सोडण्याआधी दोन आठवडे मेंढ्यांना चांगल्या कुरणात चारावे, तो म्हणाला. शेपटीजवळची लोकर कातरून घ्यावी. अशक्त मेंढ्या वेगळ्या काढाव्यात.

"ते आम्ही पण करतो," कॅराडॉग म्हणाला. "आतली गोष्ट सांग. एवढ्यात काय केलंस तू?"

तीस जोडी डोळे त्याच्यावर रोखलेले. पहिल्या रांगेत बसलेली नेस्टा का कोण जाणे, छताकडे बघत होती.

"मी... त्याला गाऊन दाखवतो," त्याच्या तोंडून निघून गेले.

मग मागून कोणीतरी अगदी गंभीरपणे विचारले, "खालच्या पट्टीत का वरच्या?"

"खालच्या," इद्वल म्हणाला आणि खाली बसला.

झाले! आमच्या खोऱ्यात गायला निमित्त लागतेच कुठे? दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रत्येक कुंपणाशी एकेक बाप्या टोपी काढून, छाती भरून आपल्या मेंढ्यापुढे गात उभा. धुक्यातून असे काही सूर यायचे, की पोस्टमन सायकलवरून उतरून ऐकत थांबायचा. इद्वललाही रोज गावे लागले, नाहीतर लोकांनी विचारले असते. आवाज त्याचा चांगला होता, पण मनात भलतेच काही असताना गाणे कठीणच.

जानेवारीत लाउरी आली. ही मेंढ्यांची सोनोग्राफी करणारी मुलगी. गाडीला यंत्र जोडून गावोगाव फिरायची. ती यायच्या आदल्या दिवशी इद्वलने छातीवर दगड ठेवून एक फोन केला होता आणि एका कागदावर सही केली होती. कोणाला सांगितले नव्हते.

चमत्कार बघायला सगळे मंडळ थर्मास घेऊन हजर झाले. पहिली मेंढी यंत्रापाशी आली. इद्वलने डोळे मिटले.

"जुळी," लाउरी म्हणाली.

इद्वलने डोळे उघडले. "यंत्र बिघडलंय का गं?"

"काय काका, कालच तपासून आणलंय. दुसरी आणा. जुळी. पुढची. एक. पुढची, जुळी."

बासष्ट मेंढ्या पुढे सरकल्या. फक्त दोन रिकाम्या निघाल्या आणि चाळीसएक जणींच्या पोटात जुळी. मंडळाने टाळ्या वाजवल्या. इद्वल मात्र चिखलात मटकन खाली बसला, आणि नवल म्हणजे नेस्टानेही कुंपणाचा खांब धरला होता.

"फक्त एक कळत नाही," लाउरी म्हणाली. "पाठी सगळ्या लाल. पण कोकरांच्या वयात तीन-तीन आठवड्यांचं अंतर आहे, म्हणजे काहींवर निळा चढायला हवा होता. बघू तो पट्टा." तिने मॅक्सनच्या छातीवरचा निळा खडू नखाने खरवडून पाहिला. नखच तुटले. "अहो काका, हा उन्हाळ्यातला खडू! भर उन्हात मऊ पडतो. या थंडीत याचा दगड होतो दगड. लाल पण याच डब्यातला?"

इद्वलला तो डबा आठवला. ऑगस्टच्या सेलमधला. झाकणावर हसरा सूर्य होता. त्याला वाटले होते, कंपनीचे चिन्ह असेल.

"म्हणजे हा बिचारा पहिल्यापासून काम करत होता," लाउरी म्हणाली, "फक्त रंग उमटत नव्हता. पण मग या पाठी लाल कोणी केल्या?"

"मी," इद्वल म्हणाला.

"मी," नेस्टा म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"तू?"

"आणि तू?"

"अगं, पण तूच तर अट घातलीस!"

"घातली! आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीतून ऐकलं. कुंपणाशी उभा राहून त्याला म्हणत होतास, बाबा रे, माझी लाज राख, तुझ्याशिवाय मला करमायचं नाही. मग माझा जीव राहतोय का? चार दिवस शून्य, आणि पाचव्या दिवशी जेमतेम चार पाठी. त्या वेगानं निम्म्या कधी व्हायच्या? म्हणून सकाळी तू गायीचं दूध काढायला गेलास की मी जायची, लोकर रंगवायच्या लाल रंगाची बाटली घेऊन. धुतल्यावर निघतो तो रंग." ती खांब न सोडता म्हणाली. "आणि मग निळा एक पण दिसेना. तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता. वाटलं, आपल्या मूर्खपणापायी याचं वर्ष बुडालं."

"मला पण तेच वाटत होतं," इद्वल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने ते मंडळादेखत बाहीने पुसले. बाही अजून थोडी लालच होती.

"म्हणजे गाण्याचं काय?" कॅराडॉगने बारीक आवाजात विचारले.

इतक्यात फाटकाशी एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि हातातला कागद वाचून म्हणाला, "एक मेंढा, मॅक्सन. बाजारात न्यायचा आहे. कुठाय?"

नेस्टाने खांब सोडला. "कोणी बोलावलं तुला?"

ड्रायव्हरने इद्वलकडे बोट केले.

"काल केला फोन," इद्वल मान खाली घालून म्हणाला. "म्हटलं, आज सगळं उघडं पडणार. यंदा कोकरं नाहीत, निदान तुला हवा तो मेंढा तरी आणू. याला विकल्याशिवाय तो कसा येणार?"

ज्याच्यासाठी माणसाने दोन महिने थाप मारली, त्यालाच तो तिच्यासाठी विकायला निघाला होता. नेस्टाने एकदा त्याला रागाने ढकलले, आणि मग त्याच ढकललेल्या खांद्याला धरून उभी राहिली.

"बाई, मला उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला. "यावर मालकाची सही आहे."

नेस्टा तरातरा फाटकापाशी गेली. कागद घेतला, वाचला, चार घड्या घातल्या आणि ॲप्रनच्या खिशात टाकला.

"सही त्याची असेल," ती म्हणाली. "मेंढा माझा आहे. आत ये, केक खा आणि रिकामी गाडी घेऊन जा."

ड्रायव्हरने केक खाल्ला, दोन तुकडे बांधूनही घेतले. ट्रक वळणापलीकडे गेला तशी मंडळाची कुजबुज सुरू झाली. कॅराडॉग टोपी हातात घेऊन पुढे आला, दोनदा खाकरला.

"नेस्टाबाई, पुढच्या नोव्हेंबरात आठवडाभर उसना मिळेल का हो? मी नीट सांभाळीन."

"मिळेल. पण रांगेत उभं राहावं लागेल."

कॅराडॉगने मागे वळून पाहिले. त्याच्यामागे अकरा जण केव्हाच उभे राहिले होते, आणि मॅक्सन, सगळे आपल्याकडे बघताहेत म्हणून, गवत खात होता.