बच्छाव सरांचा दुसरा फोन

कुणी वारल्याचा मेसेज आला की आपण हात जोडलेलं चित्र पाठवतो. बच्छाव सर वारलेल्या माणसालाच फोन लावतात.

उगाच नाही सांगत, मी समोर बसले होते. आमचे निवृत्त चित्रकलेचे सर गेले, असं शाळेच्या ग्रुपवर पडलं आणि पाच मिनिटांत अठरा जणांनी श्रद्धांजली वाहून टाकली. मी तर मराठीची बाई, चांगल्या सहा ओळी लिहिल्या. बच्छाव सरांनी शांतपणे नंबर लावला आणि विचारलं, "सर, तुम्ही आहात ना?" ते होते. मिसळ खात होते. गेले होते ते त्याच नावाचे सिन्नरचे दुसरे गृहस्थ. चित्रकलेच्या सरांनी मग अठराच्या अठरा श्रद्धांजल्या वाचून काढल्या. माझ्यावर ते अजून नाराज आहेत, कारण मी त्यांना 'मितभाषी' म्हटलं होतं.

बच्छाव सर मूळचे सटाण्याकडचे. शिकवतात भूगोल, पण नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या शाळेत त्यांची ख्याती आहे ती शनिवारच्या शेवटच्या तासाची. त्या तासाला ते मुलांना फोनवर येणारी बातमी, फोटो, व्हिडिओ तपासायला शिकवतात. वेळापत्रकात त्याला 'माध्यम साक्षरता' असं भारदस्त नाव दिलंय. मुलं त्याला 'कोन सांगस'चा तास म्हणतात. कोन सांगस म्हणजे अहिराणीत कोण सांगतंय. फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न कायमचे लिहिलेले: कोण सांगतंय? कधीचं आहे? कशावरून? शिपाईमामा फळा पुसताना तेवढा कोपरा सोडून पुसतात.

गेल्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला तेव्हा दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी लागल्याचा फोटो सगळीकडे फिरत होता. नाशिकात पूर मारुतीच्या अंगावर मोजतात, त्यामुळे गळ्याशी पाणी म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. मी घरातली सगळी कागदपत्रं माळ्यावर टाकून मोकळी झाले, आणि आम्ही राहतो सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर. सर मात्र स्कूटर काढून घाटाकडे गेले आणि भिजून शाळेत परत आले. "मारुतीला विचारून आलो," म्हणाले, "पाणी गुडघ्याला आहे." पुढच्या शनिवारी त्यांनी मुलांना तोच फोटो मोठा करून दाखवला. मागे एका दुकानाची पाटी दिसत होती, आणि ते दुकान बंद होऊन जमाना झाला होता.

माझ्यावर तर त्यांचा विशेष डोळा. मी सतरा ग्रुपांत आहे आणि मला आलेलं चांगलं काही एकटीनं ठेवून घेणं जमत नाही. एकदा मी पाठवलं, रात्री मोज्यात कांद्याची चकती घालून झोपा, गुडघेदुखी जाते. दुसऱ्या दिवशी सर डबा उघडता उघडता म्हणाले, "मॅडम, सटाण्याच्या माणसाला कांदा सांगता? आमच्याकडं माणसं वर्षभर कांद्यात उभी असतात. एकाचा गुडघा धड नाही."

पालकांच्या तक्रारीही यायच्या. एक वडील तणतणत मुख्याध्यापिकांकडे आले. ते मुलाला म्हणाले होते, आम्ही तुझ्या वयात वर्गात पहिले यायचो. पोरानं विचारलं, कशावरून? आणि कपाट उघडून वडिलांची गुणपत्रिकाच शोधून काढली. पुढं काय झालं ते वडील सांगेनात.

असा हा संशयी माणूस. पण त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटा, बटणांचा फोन असायचा, आणि त्याच्याबाबतीत ते अगदी हळवे. रोजच्या वापराचा फोन वेगळा. हा दुसरा कधी वाजलेला आम्ही ऐकला नव्हता. त्याचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. तरी सर रोज मधल्या सुट्टीत तो चार्जिंगला लावायचे आणि डबा खाताना त्याच्याकडेच तोंड करून बसायचे. आम्ही थट्टा करायचो. मी तर एकदा शाळेच्या स्नेहभोजनात त्यांच्या बायकोला सगळ्यांसमोर विचारलं, ही तुमची सवत कोण हो? ती नुसती हसली आणि ताटाकडे बघत राहिली. सरांना विचारलं तर एवढंच म्हणायचे, "एका माणसाचा फोन यायचाय." रविवारी सकाळी ते सीबीएसला, एसटी स्टँडच्या बाकावर तास दोन तास बसलेले दिसतात, असंही शिपाईमामांनी सांगितलं होतं. कुठली गाडी पकडत नाहीत, नुसते बसतात. आम्ही त्यावरही हसलो. आता आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मागच्या महिन्यात सरांनी आठवी 'ब'ला गृहपाठ दिला. घरच्यांच्या फोनवर आलेला, 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' म्हणणारा एक मेसेज वहीत उतरवायचा, तिन्ही प्रश्न लावायचे आणि निकाल लिहायचा. खरा की खोटा. शनिवारी मधल्या सुट्टीत गौरी नावाची मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. मेसेजखाली नंबर आहे, तो लावून विचारल्याशिवाय निकाल लिहायचा नाही असं सरांनी सांगितलंय, आणि तिच्याकडे फोन नाही, तर मी लावून देते का? सर समोरच्याच टेबलावर वह्या तपासत होते. मी वहीत बघून नंबर लावला.

सरांचा चार्जिंगला लावलेला छोटा फोन वाजला.

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माना वळवल्या. सर उठले, खुर्ची पडली ती पडूच दिली, फोन वायरीतून काढला आणि नीट ऐकू यावं म्हणून धावत व्हरांड्यात गेले. माझा फोन माझ्या कानालाच होता. त्यातून त्यांचा आवाज आला, असा मी कधी ऐकला नव्हता.

"आण्णा? आण्णा, तू कोठे शे?"

गौरी माझी ओढणी ओढत विचारत होती, मॅडम, लागला का, विचारा ना, खरा आहे का. सर पलीकडून पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी मी म्हटलं, "सर, मी आहे. आतूनच बोलतेय." खिडकीतून ते मला पाठमोरे दिसत होते. फोन त्यांनी बराच वेळ कानावरून काढला नाही.

मग आत आले, खुर्ची उचलली, बसले आणि गौरीची वही मागितली. मेसेज होता: आमचे आण्णा नाशिकच्या बसस्टँडवरून हरवले आहेत, त्यांना काही आठवत नाही, फक्त अहिराणी बोलतात, दिसल्यास कळवा. खाली नंबर. गौरीनं लिहिलं होतं: कोण सांगतंय, नाव दिलेलं नाही. कधीचं, तारीख नाही. कशावरून, नंबर लावून बघणे बाकी. निकाल, बहुतेक खोटा.

सर म्हणाले, बरोबर आहे, असा मेसेज माझ्या तासाला नापासच होईल. आणि त्या पोरीला त्यांनी सगळं सरळ सांगितलं. आण्णा त्यांचे थोरले भाऊ. सहा वर्षांपूर्वी त्यांना विसर पडू लागला, तेव्हा सरांच्या फोनवर मेसेज आला, नाशिकला अमुक गल्लीत वैद्य आहेत, तीन पुड्यांत आठवण परत येते. सर त्यांना सटाण्याहून एसटीनं घेऊन आले, स्टँडच्या बाकावर बसवलं आणि इथंच बस म्हणून पत्ता विचारायला गेले. त्या गल्लीत वैद्य नव्हता, कधीच नव्हता. परत आले तर बाक रिकामा. पोलिसांत कळवलं, गावं पालथी घातली, हा मेसेज पाठवला, त्याच्यासाठी हा फोन घेतला. गडबडीत तारीख टाकायची राहिली.

"आण्णाला वाचता येत नव्हतं," सर म्हणाले. "लहानपणी मी पेपर वाचून दाखवायचो. प्रत्येक बातमीला तो विचारायचा, कोन सांगस? त्या एका मेसेजला मी नाही विचारलं."

गौरी रडवेली झाली होती, पण मुलगी त्यांच्याच तालमीतली. तिनं विचारलं, मग सर, निकाल काय लिहू?

"खरा आहे, असं लिही. पुढं लिही, अजून सापडला नाही."

मग त्यांनी तिला त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, तुझ्याकडं हा कुठून आला? तिनं सांगितलं, नंदुरबारच्या आत्याकडून. सर एकदम सावरून बसले. "नंदुरबारपर्यंत पोचला?" म्हणाले. भिंतीवरच्या नकाशाकडे त्यांनी इतक्या आशेनं पाहिलं की मला तिथं थांबवेना, मी चहा सांगायच्या निमित्तानं उठले.

सुट्टीनंतर ते माझ्याजवळ आले. एरवी मॅडम म्हणणारा माणूस. "ताई," म्हणाले, "तुम्ही सतरा ग्रुपांत आहात ना?"

मी मेसेज नव्यानं लिहून काढला. वर तारीख टाकली, खाली लिहिलं, हे त्यांचा धाकटा भाऊ सांगतोय, आणि सरांचं पूर्ण नाव घातलं. पाठवायच्या आधी त्यांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, नंबरचा एक एक आकडा बोट ठेवून तपासला आणि मान हलवली. मी सतराही ठिकाणी पाठवला.

आता मधल्या सुट्टीत तो छोटा फोन टेबलाच्या मधोमध ठेवलेला असतो. कुणाचाही फोन वाजला की आम्ही सगळे आधी त्याच्याकडे बघतो.