घड्याळजींची अकरा पत्रं

"सर्व्हरचं नाव टाका म्हणे! आजोबांचं टाकू का माझ्या?" घड्याळजी संगणकावर कडाडले.

दुकानातली सगळी घड्याळं बिनबोभाट चालली होती. टेबलावरचं एक तेवढं ठोके देत नव्हतं, आणि नेमकं ते मुख्याध्यापिकाबाईंच्या वडिलांचं होतं. बाई पाच वाजता न्यायला येणार. 'जमलं नाही' हे शब्द घड्याळजींनी चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला ऐकवले नव्हते. जुन्या घड्याळांचे जाणकार एका न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चावडीवर, भेटतात आणि तो ईमेलच्याच प्रोग्रामात वाचता येतो, असं लेकीने फोनवर सांगितलं होतं. वर 'दोन मिनिटांचं काम' असंही म्हणाली होती. त्याला आता तीन तास झाले होते.

एकदाचा सर्व्हर लागला आणि ग्रुपांची यादी उतरू लागली. मांजरांचे ग्रुप, मधमाश्यांचे ग्रुप, हजारो ग्रुप. घड्याळांचा दिसला तरी यादी काही थांबेना. घड्याळजींनी संतापून हाताला येईल ते बटण दाबलं. यादी थांबली.

त्यांनी प्रश्न लिहून पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. पाचव्या पत्रातून 'कृपया' गळालं. अकराव्यात त्यांनी ग्रुपच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"अहो, त्या माणसांनी काय घोडं मारलंय तुमचं?" बायकोने विचारलं.

"माणसं कसली? दगड आहेत मेले!" म्हणत त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, खाली डाव्या कोपऱ्यात प्लगचं चित्र आहे ना? तुटलेलं दिसतंय?"

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. "दिसतंय. मग?"

"मग तुम्ही ऑफलाइन आहात. ते दाबलं की जोडलं जाईल. एकही पत्र गेलेलं नाहीये अजून."

घड्याळजींनी प्लग दाबला आणि मग त्यांना अकरावं पत्र आठवलं. तोवर अकराही पत्रं ओळीने निघून गेली होती.

पावणेपाचला उत्तर आलं. 'सात पिढ्यांकडून नमस्कार. तबकडीच्या मागे, खाली डाव्या कोपऱ्यात, ठोके बंद ठेवायची बारीक दांडी असते. ती खाली पडली असेल. वर करा.'

घड्याळजींनी दात-ओठ खात दांडी वर केली. बाई दारात आल्या आणि घड्याळाने खणखणीत पाच ठोके दिले. बाईंचे डोळे भरून आले.

"काय बिघडलं होतं हो?"

घड्याळजींनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे बाई, आतली यंत्रणा फार गुंतागुंतीची..."

"काही नाही हो," आतून बायको म्हणाली, "ऑफलाइन होतं."